पंखाखालचा पाना

खरं सांगते, अगदी खरं! ज्योतिबाची शप्पथ, माझ्या तोंडात उरलेल्या चार दातांची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आजी बोलायला लागली की आमची नातवंडं एकमेकांना कोपरं मारतात. तुम्ही मारू नका. मी गोफण फिरवली आणि विमान पडलं. लाकडाचं विमान. घ्या, हसून घ्या एकदाचं, मग पुढं सांगते.

पासष्ट सालचा भादवा. मी माळ्यावर उभी राहून बाजरीवरची पाखरं हाकत होते. खाली बांधावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीचं फडकं सोडत होत्या. मी गोफणीत खडा घातला, डोक्यावरनं गरगरा फिरवली आणि सोडली. तेवढ्यात मागनं शीळ ऐकू आली. साधी शीळ नव्हे, आभाळ फाटल्यासारखी. मान वळवते तर विमान! माझ्या डोक्यावरनं गेलं, एवढ्या खालनं की पदर उडून तोंडावर आला. त्याला एक सोडून दोन शेपट्या होत्या. इंजिनाचा आवाज मात्र अजिबात नव्हता. तसंच पुढं गेलं, गायरानावर पोटावर टेकलं, घसरत घसरत गेलं आणि धुरळ्यात दिसेनासं झालं.

आत्याबाई भाकरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या रिकाम्या गोफणीकडं बघितलं.

"अगं बया! काय मारलंस गं?"

"आत्याबाई, म्या न्हाई!"

"मग काय म्या?"

आम्ही दोघी पळत सुटलो. जाऊन बघतो तर विमानाचं पोट जमिनीला घासलेलं, एक पंख तिरका झालेला, त्याच्या बुडाचा पत्रा उचकटलेला. वरची काच सरकवून एक पोरगेला माणूस बाहेर आला आणि पंखावरनं घसरून खालीच पडला. मांडीवर हा एवढा घाव. रक्त नुसतं वाहत होतं. आत्याबाईंनी काही विचारलं नाही. डोक्याची चुंबळ सोडली, त्याच्या मांडीवर आवळून बांधली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"पाणी," तो म्हणाला.

"व्हय, पाणीच हाय. पी," आत्याबाई म्हणाल्या. मग उठताना आधाराला विमानाच्या नाकाडावर हात ठेवला आणि थबकल्या. बोटानं वाजवून बघितलं. ठक् ठक्. "शेवंते, लाकूड हाय गं हे! आपल्या घराच्या मेढीगत वाजतंय."

होतंच लाकूड. इंग्रजानं ती विमानं तशीच केली होती. पुढचा भाग फळ्या चिकटवून घडवलेला, मागचा धातूचा. व्हॅम्पायर म्हणायचे त्याला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र आमचं तोंड उघडं ते उघडंच.

तोवर गाव आलं. नुसतं नाही आलं, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आलं. पाकिस्तानशी लढाई जुंपलेली होती. शत्रूचे छत्रीवाले आभाळातनं उतरतायत, अशा अफवा रोज रेडिओपेक्षा जोरात यायच्या. आमच्या कुरणवाडीत शत्रू कशाला उतरेल, इथं आहे काय, कुसळं? पण पोरांनी पहारे बसवले होते. त्यांचा म्होरक्या केरबा. छाती पुढं, डोकं मागं.

"धरला!" केरबा ओरडला. "हलू नको रं! नाव काय तुझं?"

तो माणूस विव्हळत म्हणाला, "कुरुविला. फ्लाइंग ऑफिसर कुरुविला. इंडियन एअरफोर्स."

"कुरुविला? हे कुठलं नाव? आपल्यात कोण हाय का कुरुविला?"

कुणी नव्हतं. तो केरळचा, ख्रिस्ती. आता टीव्हीवर रोज केरळ दिसतं, तेव्हा आमच्या गावाला मिरजेच्या पलीकडं पृथ्वी संपत होती. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदी यायचं ते असं, की ऐकणाऱ्याला ठसका लागावा.

"पाणी म्हनाला की मघाशी," मी म्हटलं.

"पाणी त्यांच्यात बी म्हंत्यात, वैनी."

"आन् पंखावर आपलं तिरंगी गोल काढल्यात ते?"

"रंग व्हय? रंग म्या माझ्या बैलाच्या शिंगास्नी बी लावलाय बेंदराला. आन् लाकडाचं विमान कुणी बघितलंय का? सांगा. सरकार आपल्या मानसाला लाकडाच्या विमानात बसवंल? ह्यो तर नकली माल हाय."

बघा, कशी गाडी चालते. लाकूड होतं हेच खरं, आणि तेच त्या पोराच्या जिवावर उठलं.

पोलीस पाटील निवृत्तीआबा फेटा सावरत पुढं आले. भला माणूस, पण निर्णयाला भ्यायचा. म्हणाले, "तालुक्याला सायकलवर मानूस धाडलाय. फौजदार येऊ देत. तवर ह्येला हलवायचं न्हाई, हात बी लावायचा न्हाई."

"फौजदार यायला दिस मावळंल," आत्याबाई म्हणाल्या. "रगत थांबंना झालंय. तवर मरंल की ह्यो."

"मरू दे की मग," केरबा म्हणाला.

तेव्हा गर्दीतनं बाबालालभाई मुलाणी पुढं झाले. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची सगळी ऑइल इंजिनं भाईंच्या हातची. अंगाला कायम डिझेलचा वास, आणि जिभेला तिखट. ते त्या पोरापाशी उकिडवे बसले आणि त्यांना येत होती तेवढी उर्दू त्याच्यावर ओतली. तो पोरगा बकरीनं रेडिओकडं बघावं तसा बघत राहिला.

भाई उठले. "आबा, ह्यो पाकिस्तानचा न्हाई. ह्येला उर्दू माझ्या म्हशीएवढी बी येत न्हाई."

लोक हसले. वाटलं, झालं, सुटला. पण केरबाला हसू सोसलं नाही.

"तू गप, बाबालाल. तुझ्या शब्दावर सोडायचा व्हय ह्येला? आज तुला कुनी इचारलंय?"

भाईंची हयात त्या गावात गेली होती. केरबाच्या बापाला शेवटचा खांदा देणाऱ्या चौघांतले ते एक. भाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि दोन पावलं मागं सरले.

आत्याबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "जा घरी. त्याला सांग. खाटंवर पडून दिवसभर इंग्रजाची आरती करतोय, म्हनावं आता तुझ्या इंग्रजाला कामाला लाव."

'तो' म्हणजे आमचे मालक. पाय प्लास्टरमध्ये, खाट अंगणात. ते इंग्रजाच्या राज्यातल्या मोठ्या लढाईत फौजेच्या वर्कशॉपमध्ये मोटरसायकली दुरुस्त करायचे. लढाई संपल्यावर फौजेनं जुन्या गाड्या काढून टाकल्या, तेव्हा एक बीएसए यांनी घरी आणली. इंग्रजी गाडी, अंगावर अजून फौजेचा खाकी रंग. तिच्यासमोर आमची बैलजोडी सावत्र वाटायची. "इंग्रज गेला ते लई बरं झालं," असं म्हणायचे, "पर त्याचा नट इथं ऱ्हायला ते त्याच्याहून बरं."

आणि पाय मोडला तोही त्याच गाडीनं. त्या गाडीला डाव्या हाताशी एक बारीक लिव्हर असते. किक मारायच्या आधी ती मागं घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. विसरलात, तर ठिणगी वेळेआधी पडते आणि किक उलटी येऊन नडगीवर बसते. सगळ्या तालुक्याला हे शिकवणारा माणूस, नागपंचमीच्या सकाळी पाहुण्यांसमोर ऐट दाखवायला गेला आणि स्वतःच विसरला. कडाक् आवाज आला, तेव्हा पाहुण्यांना वाटलं गाडी सुरू झाली.

तेव्हापासनं गाडी चालवायची पाळी माझ्यावर. फिरायला नव्हे हो. उभी राहिली तर ती रुसते, असं यांचं म्हणणं. म्हणून हे खाटेवरनं हुकूम सोडायचे आणि मी खळ्यात गोल गोल फेऱ्या मारायची. आत्याबाई दार लावून घ्यायच्या, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. आवाज साऱ्या गावाला जायचा, ते वेगळं.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. हे उठूनच बसले.

"दोन शेपट्या? फुडं लाकूड? अगं, व्हॅम्पायर हाय ते! आपलंच हाय!"

"मला सांगून काय उपयोग? केरबाला पटायला पायजे."

यांनी डोळे मिटले. हे डोळे मिटायचे तेव्हा एक तर झोप लागायची नाहीतर डोकं चालायचं. त्या दिवशी डोकं चाललं.

"ऐक. पाकिस्तानची लढाऊ विमानं अमेरिकेची. आपली ही इंग्रजाची. इंग्रजाच्या नटाचं माप जगात कुनाशी जुळत न्हाई. अमेरिकेच्या नटाला आपला पाना लावला तर एक तर शिरनार न्हाई, न्हाईतर गरागरा फिरंल. माझ्या बीएसएच्या पिशवीतला पाना घे. विमानाच्या नटाला लाव. बसला, तर विमान इंग्रजाचं. म्हंजे आपलं. सांग केरबाला."

"आन् पाकिस्तानकडं बी एखादं इंग्रजाचं असलं तर?"

"वकिली करू नगं. तीन अष्टमांशचा पाना घे."

"अवो, पर विमानाला न् मोटरसायकलला एकच पाना कसा बसंल?"

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा एखादा माळकरी विठ्ठल आहे का असं विचारणाऱ्याकडं बघेल. "इंग्रजानं एकदा माप ठरवलं की ठरवलं. सायकलीपासनं विमानापत्तूर. जा तू."

मी पाना कनवटीला खोचला. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरची घुंडी पेट्रोल पाझरेपर्यंत दाबली.

"लिव्हर!" हे खाटेवरनं ओरडले.

"घेतलीया मागं! म्या काय तुमच्यागत हाय का?"

काष्टा घट्ट होताच. एक किक, गाडी धडधडली, आणि मी पहिल्यांदा खळ्याच्या बाहेर पडले. कोंबड्या उडाल्या, देवळातल्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. गायरानावर पोचले तेव्हा गर्दी अशी फाटली, जसं भांगात कंगवा घातला.

त्या पोराचं तोंड तोवर पांढरं पडलं होतं. आत्याबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होत्या. त्यानं गाडीचा आवाज ऐकला आणि डोळे उघडून बघितलं. "बीएसए," एवढंच पुटपुटला आणि हसला. मरायला टेकलेला माणूस गाडी बघून हसला. तेव्हाच मला कळलं, हा आमच्या यांच्याच जातीचा.

मी आबांना यांचं म्हणणं सांगितलं. सगळं, इंग्रज, अमेरिका, नट. आबांना अर्धं समजलं, पण एक गोष्ट पुरती समजली, की निर्णय आता त्यांना करायचा नाही, पान्यानं करायचाय. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"झकास. पाना बसला तर न्यायचा दवाखान्यात. न्हाई बसला तर फौजदार येईपत्तूर हितंच. ठरलं. केरबा, कबूल?"

केरबानं काठी जमिनीवर आपटली. "कबूल. पर ठरवनार कोन? वैनी? बायामानसाला नटाचं काय कळतंय?"

"बाबालाल ठरवंल," आबा म्हणाले.

"त्यो?"

"मग कोन, तू? तुझ्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की कुनाच्या दारात जातोस?"

केरबा बाजूला झाला.

पंखाच्या बुडाशी पत्रा उचकटला होता, तिथं आत नट दिसत होते. मी वाकून आत शिरले. भाई माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसले. जागा एवढी अरुंद की आम्हा दोघांची डोकीच आत. मी पाना काढला आणि नटाला लावला.

"बसला!" भाई मोठ्यानं म्हणाले. "गच्च बसला, आबा! इंग्रजाचा नट हाय. आपलं विमान!"

"मला बघू द्या," केरबा पुढं आला.

भाईंनी मान बाहेर काढली. "ये की. पर आधी कानावरची विडी टाकून ये आन् खिशातली काडीपेटी बी. हितं आत विमानाचं तेल गळाय लागलंय. माझं काय, म्हातारा मानूस हाय. तुला बारकी लेकरं हायती."

केरबानं एकदा पंखाकडं बघितलं, एकदा आपल्या धोतराकडं. मग चार पावलं मागं गेला आणि एकदम ओरडला, "अरं, बघताय काय! उचला त्येला! आपला मानूस हाय!"

लोकांचं असंच असतं. मघाशी ज्या हातांत कुऱ्हाडी होत्या, त्याच हातांनी त्याला फुलासारखं उचललं. पण न्यायचं कसं? बैलगाडीनं तालुक्याला संध्याकाळ झाली असती. एसटी तर रात्रीची. सगळ्यांनी गाडीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"ह्येला कोन धरनार मागं?" मी म्हटलं. "हा शुद्धीवर ऱ्हाईल याचा भरवसा न्हाई."

दोन-तीन गडी पुढं आले, पण एकेकाचं धूड असं, की गाडीचं मागचं चाकच बसलं असतं. आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला. बाई म्हणजे सुपारीएवढी.

"म्या बसते."

मी बघतच राहिले. ज्या बाईनं त्या गाडीला कधी बोट लावलं नव्हतं, जी गाडीला 'ती सटवी' म्हणायची, ती टुणकन उडी मारून मागच्या लोखंडी कॅरिअरवर बसली. मध्ये पोराला बसवला. तो पडू नये म्हणून आम्हा तिघांना एकत्र बांधायचं ठरलं. बांधायला काय? सगळ्यांची नजर निवृत्तीआबांच्या फेट्यावर गेली.

"फेटा?" आबांनी डोकं दोन्ही हातांनी धरलं. "अरं, पाटलाचा फेटा हाय ह्यो!"

"मग पाटलाच्या कामाला येऊ दे की," भाई म्हणाले.

फेटा सुटला. आबांचं टक्कल साऱ्या गावानं पहिल्यांदा बघितलं आणि कुणी हसलं नाही. भाईंनी स्वतः गाठ मारली, इंजिनाचा पट्टा आवळावा तशी.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. खड्डे, धुरळा, वर तापलेलं ऊन. वेगाचा काटा मोडला एवढ्या वेगात गेलो. बरं, काटा आधीपासनं मोडलेला होता, पण मोडलेला होता ना? तिघांचं वजन घेऊन ती गाडी चढ चढताना अशी दमदार आवाज करायची, की वाटायचं एखादा म्हातारा पैलवान म्हणतोय, येऊ दे अजून एक. लढाईत खबरी पोचवायला केलेली गाडी ती. कुणी केली, कुठल्या गावात, कुणाच्या हातांनी, काय माहीत. पण ज्यानं केली त्यानं चोख केली होती. त्याला आजही माझा रामराम.

आत्याबाईंनी वाटभर त्या पोराला झोपू दिलं नाही. धाकट्या लेकीच्या लग्नात काय काय बिनसलं ते त्याला पहिल्यापासनं सांगितलं. त्याला एक शब्द कळत नव्हता.

"आन् मग विहीण म्हनती कशी, आमाला पुरनपोळी गार वाडली. ऐकतोस न्हवं?"

"येस, अम्मा."

"झोपलास का?"

"नो, अम्मा."

"मग सांग, काय म्हनली विहीण?"

आता त्यानं काय सांगावं! मला पुढं हसू फुटत होतं आणि डोळ्यांतनं पाणीही येत होतं. माझी पाठ त्याच्या घामानं भिजली होती. मध्येच त्याचं डोकं माझ्या खांद्यावर टेकायचं, मग आत्याबाई मागनं त्याच्या कुशीत गुद्दा घालायच्या आणि ते डोकं परत उचललं जायचं.

दवाखान्याच्या पायरीपर्यंत गाडी नेली. डॉक्टर बाहेर आले. नऊवारीतली बाई, मध्ये फौजेचा माणूस, मागं म्हातारी आणि तिघं एका फेट्यात. त्यांनी नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. "आत घ्या," एवढंच म्हणाले. गाठ मात्र कुणाला सुटेना. कापावा लागला फेटा. आबांना तो मी नंतर शिवून दिला. शिवण दिसायची ती बाजू ते मुद्दाम पुढं ठेवून फिरायचे.

पोरगा वाचला. त्याच्या इंजिनात गिधाड गेलं होतं, म्हणून विमान खाली आलं. म्हणजे माझी गोफण निर्दोष सुटली. गावानं मात्र तिला कधीच सोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला. जरा लंगडत, पण स्वतःच्या पायानं. बरोबर त्याची आई, पांढऱ्याशुभ्र कपड्यातली, हातात खोबरेल तेलाचा डबा आणि केळ्याच्या वेफर्सचं गाठोडं. त्या दोन म्हाताऱ्या अंगणात समोरासमोर बसल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. एकमेकींचे हात धरून नुसत्या बसल्या, आणि चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

आमच्या यांनी त्याला गाडी दाखवली आणि मग अर्थातच पाना दाखवला. इंग्रज, अमेरिका, माप, सगळं पहिल्यापासनं.

"बसला!" हे म्हणाले. "मी खाटेवरनं सांगितलं, बसनारच. आन् बसला!"

कुरुविला पान्याकडं बघत राहिला. मग हसत यांना एक कडक सलाम ठोकला. फौजेच्या माणसाला फौजेच्या माणसाचा सलाम. त्या सलामावर हे पुढची सगळी वर्षं जगले. जाईल तिथं सांगायचे. केरबाही बाजारात सांगायचा, "म्याच पैल्यांदा म्हनलो, आपला मानूस हाय." सांगू दे. गावात आला त्या दिवशी कुरुविलाला जेवायला कुणी घरी नेलं? केरबानंच. कोंबडं कापलं. वाढायला स्वतः उभा, आणि पहिलं ताट, गाव बघत असताना, त्यानं बाबालालभाईंच्या पुढं ठेवलं. भाई तिखट जास्त झालंय एवढंच म्हणाले.

आता हे नाहीत, आत्याबाई तर कधीच गेल्या. भाई गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. सकाळी देवापुढं दिवा लावते तेव्हा मी सगळ्यांची नावं घेते, पण पहिलं नाव भाईंचं. आमची सून विचारते, "आई, पहिलं त्यांचं का?" आजवर सांगितलं नाही. हे होते तोवर तर सांगायची सोयच नव्हती. ज्या माणसाचा विठ्ठल नटात होता, त्याला कसं सांगू?

एवढी शप्पथ घेतलीय तर आता सांगूनच टाकते. सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. ती तेवढी रचलेली. पण आज नाही रचली, तिथंच रचली, त्याच पंखाखाली, आणि मी एकटीनं नाही.

पाना बसला नव्हता.

मी तो नटाला लावला आणि तो नुसता फिरला. गरागरा. चुकीच्या मापाचा आणला असेन, किंवा यांचंच काही चुकलं असेल, देव जाणे. दुसऱ्या नटाला लावला, तोही सैल. बाहेर काठ्या होत्या, आणि आत्याबाईंच्या मांडीवर तो पोरगा. मी मान वळवली. भाईंचं तोंड माझ्या तोंडाशेजारी होतं. आयुष्यभर नट आवळलेला माणूस. फट त्यांना माझ्या आधी दिसली होती. मघाशी ज्याला गावासमोर गप्प बसवलं होतं, त्याचाच शब्द आता गाव मागत होतं, आणि तो खोटा ठरला असता तर पहिली काठी त्या पोराच्या नाही, भाईंच्या डोक्यात बसली असती.

"भाई," मी म्हटलं, "ह्यो तर..."

त्यांनी त्यांचा डिझेलचा हात माझ्या हातावर ठेवला आणि पान्यासकट घट्ट दाबून धरला.

"बसला," भाई म्हणाले. आधी माझ्या कानात, मग सगळ्या गावाला.